तेहतिसावा मणी

मित्रांनो, तुमच्या घरी तसबीह असेल. तिचे मणी तुम्ही कधी मोजून पाहिले आहेत का? काही तसबिहींत नव्व्याण्णव मणी असतात, काहींत तेहतीस. माझ्या दादींची तसबीह तेहतीस मण्यांची होती. पण तीस वर्षे तिच्यात बत्तीसच मणी होते. ही गोष्ट जगात फक्त मलाच माहीत आहे, असे मला वाटत होते. त्या एका मण्याची हकिकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

आमचे गाव बीबी. ते बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात आहे. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणारी सडक आमच्या गावावरून जाते. गावाच्या चहूकडे काळी जमीन आहे. या जमिनीत कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते. काळ्या मातीचा स्वभाव मोठा विचित्र असतो. पावसात भिजली की ती फुगते आणि पायांना चिकटते. उन्हाळ्यात वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. काही भेगा एवढ्या रुंद असतात की त्यांत हात घालता येतो. त्यांचा तळ मात्र हाताला लागत नाही. ही भेग माझ्या गोष्टीत पुढे येणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

दादींची तसबीह अकीकाची होती. दादींच्या वडिलांनी ती खंबायतहून आणली होती. गुजरातमधले खंबायत हे गाव अकीकाच्या कामासाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून निघालेला दगड तिथे येतो. खाणीतून निघतो तेव्हा तो लाल नसतो. मळकट, पिवळसर किंवा करडा असतो. कारागीर तो उन्हात वाळवतात आणि मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. दगडात लोहाचा थोडा अंश असतो. आचेने त्याचा रंग पालटतो आणि अकीक लाल होतो.

अकीक बनतो कसा, हेही ऐकण्यासारखे आहे. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकावर वसला आहे, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने गारेच्या द्रव्याचा थरावर थर चढवला. हे थर म्हणजेच अकीकातले पट्टे. रतनपूरचा अकीकही मुळात याच खडकातला. म्हणजे दादींची तसबीह दुरून आली होती, तरी आमच्या पायांखालच्या दगडाशी तिचे नाते होतेच.

संध्याकाळी दादी ओसरीवर बसत. मावळतीचे ऊन त्यांच्या बोटांमधून तसबिहीवर पडे. तेव्हा मणी आतून पेटल्यासारखे दिसत. त्यांच्या आरपार काही दिसत नसे, पण उजेड मात्र आत जाऊन थांबे. मला वाटे, दादींनी ऊनच दोऱ्यात ओवले आहे.

आता 1990 सालचा उन्हाळा. मी दहा वर्षांचा होतो. एका दुपारी सगळे झोपले होते. खुंटीवरची तसबीह मी काढून घेतली आणि परसात गेलो. आधी ती गळ्यात घातली, मग हातात धरून गरगर फिरवू लागलो. दोरा जुना होता. तो तटकन तुटला आणि मणी चहूकडे उडाले. मी गुडघ्यांवर बसून एकेक मणी वेचला. बत्तीस सापडले. तेहतिसावा मी डोळ्यांनी पाहिला. तो घरंगळत गेला आणि जमिनीच्या एका रुंद भेगेत पडला. मी हात घातला, काडी घातली, पाणीही ओतले. मणी काही हाती आला नाही.

मी काय केले असेल? अम्मीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, बत्तीस मणी ओवले आणि तसबीह पुन्हा खुंटीला अडकवली. कोणी काही विचारले नाही. पुढे मृगाचा पाऊस आला. काळी माती फुगली आणि सगळ्या भेगा मिटल्या. भेगेबरोबर माझी चूकही मिटली, असे मी मनाशी म्हटले. पण दादी तसबीह हातात घेत, तेव्हा माझी नजर आपोआप खाली जाई. असे एक दिवस नाही, तीस वर्षे चालले.

मी मोठा झालो, शिक्षक झालो आणि नोकरीसाठी जालन्याला राहू लागलो. 2020 च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली. शाळा बंद झाल्या आणि मी बीबीला परत आलो. माझी मावसबहीण पुण्यात हस्तकलेचे शिक्षण घेत होती. तीही आमच्याकडेच येऊन राहिली. तिच्या सामानात एक मोठे खोके आणि एक छोटी विजेची भट्टी होती. भट्टी म्हणजे ओव्हन. खोक्यात रंगीबेरंगी वड्या होत्या. मला वाटले, ही मुलांच्या खेळण्यातली माती. ती हसली आणि म्हणाली, “भाईजान, ही माती नाहीच. हिला पॉलिमर क्ले म्हणतात.”

तिने मला समजावून सांगितले. पाण्याचे नळ ज्या पीव्हीसीपासून बनवतात, त्याचीच अगदी बारीक पूड यात असते. तिला मऊ ठेवणारे एक तेलकट द्रव्य तिच्यात मिसळलेले असते. यात पाणी नसते, म्हणून ही माती हवेत वाळत नाही आणि तिला भेगाही पडत नाहीत. भट्टीत ठरावीक उष्णता मिळाली की पुडीचे कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात आणि वस्तू कायमची कडक होते. हिचा एक प्रसिद्ध प्रकार जर्मनीत तयार झाला. तिथे केटे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या बनवण्यासाठी नावाजलेल्या होत्या. त्यांची मुलगी सोफी हिने या मऊ द्रव्यावर प्रयोग केले. सोफीला घरात ‘फिफी’ म्हणत. पुढे ही माती ‘फिमो’ या नावाने जगभर विकली जाऊ लागली. बाहुलीसाठी सुरू झालेली गोष्ट दागिन्यांपर्यंत पोहोचली.

खोक्यात तीन वड्या मात्र बिनरंगाच्या होत्या. दिसायला त्या मेणासारख्या पांढुरक्या होत्या. मी विचारले, “या पांढऱ्या का?”

“पांढऱ्या नाहीत. या अर्धपारदर्शक आहेत. भाजल्यावर कळेल.”

विज्ञानात तुम्ही हे शब्द शिकला असाल. काचेसारखी आरपार दिसणारी वस्तू पारदर्शक, विटेसारखी उजेड अडवणारी वस्तू अपारदर्शक. या दोहोंच्या मधली, म्हणजे उजेड आत येऊ देणारी पण पलीकडचे स्पष्ट न दाखवणारी वस्तू अर्धपारदर्शक. उर्दूत आपण तिला नीमशफ्फाफ म्हणतो. तो शब्द ऐकला आणि मला एकदम ओसरीवरचे ऊन आठवले. अकीकही तसाच असतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात एकच विचार होता. तेहतिसावा मणी आपण बनवला तर? दादींच्या नकळत तो ओवून ठेवला तर? दादींची नजर आता मंद झाली होती. कोणाला काही कळणार नाही. तीस वर्षांचे ओझे एका रात्रीत उतरेल. सकाळी मी बहिणीला एवढेच सांगितले, “मला अकीकासारखा एक मणी बनवायचा आहे.” कशासाठी, ते सांगितले नाही.

तिने पहिला धडा दिला तो निवड करण्याचा. तिन्ही वड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. प्रत्येकीचे तीन तुकडे तिने लाटले. एक पापडाएवढा पातळ, एक पोळीएवढा, एक भाकरीएवढा जाड. प्रत्येक तुकड्यावर सुईने खूण केली. ज्या वडीच्या वेष्टनावर जेवढी उष्णता लिहिली होती, तेवढीच तिला दिली. कुणावर 110 अंश सेल्सिअस होते, कुणावर 130. अर्ध्या तासाने तुकडे बाहेर काढले आणि तिने ते तिच्या उर्दूच्या एका जुन्या पुस्तकाच्या पानावर ठेवले.

“भाईजान, आता वाचा,” ती म्हणाली.

पातळ तुकड्यातून ‘अलिफ’ स्पष्ट दिसत होता. मधल्यातून तो धुक्यात उभ्या असलेल्या माणसासारखा दिसला. जाड तुकड्याखाली तो नाहीसाच झाला. माती तीच, पण जाडी वाढली की उजेड आत हरवतो. मग आम्ही तिन्ही वड्यांचे पातळ तुकडे शेजारी शेजारी ठेवले. पहिली सर्वांत स्वच्छ होती. दुसरी दुधासारखी होती. तिसरीला पिवळसर झाक आली होती. मी पहिली उचलली. सर्वांत स्वच्छ तीच सर्वांत चांगली, असा माझा हिशेब होता.

बहिणीने ती माझ्या हातातून काढून घेतली. “तुम्हांला काचेचा मणी करायचा आहे की अकीकाचा? अकीकात मुळातच पिवळी ऊब असते. तिसरी घ्या. मोगऱ्याची पाकळी करायची असती, तर मी पहिली दिली असती.”

मित्रांनो, ही गोष्ट मला फार पटली. जो एका कामात दोष, तोच दुसऱ्या कामात गुण ठरतो. वस्तू चांगली की वाईट, हे विचारण्याआधी ती कशासाठी हवी, हे विचारावे. पण एक गोष्ट मात्र तिन्ही वड्यांना सारखीच लागू होती. वडी ताजी असावी. दाबल्यावर भुगा होत असेल तर ती जुनी. फार मऊ असेल तर बोटांचे ठसे उमटतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. आमची तिसरी वडी थोडी कडक होती. ती मळायला वेळ लागला, पण पट्टे तिने नीट धरले.

आता दुसरा धडा, रंगाचा. मी लाल मातीचा हरभऱ्याएवढा गोळा घेतला आणि लिंबाएवढ्या बिनरंगी गोळ्यात मळला. मळताना रंग फिकट गुलाबी दिसत होता. मला तो कमी वाटला, म्हणून आणखी थोडा घातला. भाजून काढला तर काय! मणी गडद विटकरी झाला होता. उजेड आत शिरायला जागाच उरली नव्हती. कच्ची असताना ही माती पांढुरकी असते आणि तो पांढुरकेपणा रंग लपवतो. भाजल्यावर पांढुरकेपणा जातो आणि रंग उघडा पडतो. म्हणून या मातीत रंग डोळ्यांना हवा त्यापेक्षा कितीतरी कमी घालायचा असतो. लिंबाएवढ्या गोळ्याला मोहरीच्या दाण्याएवढा रंग पुष्कळ होतो. आधी एक लहान तुकडा भाजून पाहावा आणि मगच मणी करावा.

त्याच जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात झालेले ते सरोवर आमच्या तालुक्याचे भूषण आहे. पाणी का बदलले, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या गुलाबी सूक्ष्म जीवांनी तो रंग दिला होता. डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यांनी एवढे मोठे सरोवर रंगवले! बहीण म्हणाली, “पाहा भाईजान, रंग किती थोडा लागतो ते.”

तिसरा धडा होता स्वच्छतेचा. माझा दुसरा मणी रंगाने बरा होता, पण त्यात काळे बारीक धागे दिसू लागले. मी काळा सदरा घातला होता. त्याचे तंतू माझ्या हातांवरून मातीत गेले होते. शिवाय लाल माती मळलेला हात मी नीट धुतला नव्हता. रंगीत अपारदर्शक मातीत एवढा कचरा लपून जातो. अर्धपारदर्शक मातीत काही लपत नाही. तेव्हापासून आम्ही नियम केला. हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. पांढऱ्या मातीचा एक तुकडा आधी हातांवर घोळवायचा, म्हणजे उरलेला कचरा त्याला चिकटतो. काम लाकडी पाटावर न करता पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर करायचे. पंखा बंद ठेवायचा. मे-जूनच्या उकाड्यात पंखा बंद करून बसणे सोपे नव्हते. कपाळावरचा घाम मातीत पडू नये, म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला.

चौथा धडा मी माझ्याच घाईने शिकलो. तिसरा मणी उत्तम जमला होता. बहीण अम्मीला मदत करायला स्वयंपाकघरात गेली होती. तिला न विचारताच मी मणी भट्टीत ठेवला आणि खटका 130 वर फिरवला. भट्टीवरचे आकडे नेहमी खरे नसतात, हे मला माहीत नव्हते. आतली उष्णता पुष्कळ वाढली. उग्र वास आला तेव्हा ती धावत आली, भट्टी बंद केली आणि दारे-खिडक्या उघडल्या. मणी करपून तपकिरी झाला होता. ती रागावली नाही, पण गंभीर झाली. “भाईजान, पीव्हीसी जळले तर त्यातून घातक वायू निघतो. म्हणून मी आत वेगळा उष्णतामापक ठेवते. ही भट्टी फक्त याच कामासाठी आहे. हिच्यात मी कधी खाण्याचे पदार्थ भाजत नाही.” मुलांनो, तुम्ही हे काम कराल तर मोठे माणूस जवळ असू द्या, खिडकी उघडी ठेवा आणि वेष्टनावर लिहिलेली उष्णता ओलांडू नका.

आठवडा गेला. मध्ये वीज गेली की काम थांबे. शेवटी आम्ही चौथा मणी करायला बसलो. तिने मातीचे चार वाटे केले. एकात मोहरीएवढा लाल रंग, दुसऱ्यात नारिंगी, तिसऱ्यात किंचित तपकिरी आणि चौथा तसाच बिनरंगी. चारही वाटे पातळ लाटले, एकावर एक ठेवले आणि मध्ये पांढऱ्या मातीचा कागदासारखा थर घातला. मग त्याची गुंडाळी केली, थोडी पिळली आणि तिचा एक तुकडा कापला. पृथ्वीला लाखो वर्षे लागली, ते थर आम्ही एका दुपारी चढवले! तुकडा तळहातांमध्ये अगदी हलक्या हाताने वळला. दोरा जावा म्हणून बारीक तारेने आरपार छिद्र पाडले. मणी तारेवरच राहू दिला, म्हणजे भट्टीच्या तळाला टेकून तो चपटा होणार नाही. वर कागदाचा आडोसा केला, म्हणजे वरची धग थेट लागून तो करपणार नाही.

अर्ध्या तासाने तिने मणी बाहेर काढला आणि गरम असतानाच बर्फाच्या पाण्यात सोडला. एकदम थंड केल्याने माती अधिक स्वच्छ दिसते, असा तिचा अनुभव होता. पाण्यात पडताच मण्याचा धूसरपणा उतरला. आत कुठे कुठे अर्ध्या चंद्रासारखे फिकट ठिपके दिसत होते. या मातीत ओल किंवा हवा राहिली की असे ठिपके येतात. फुलाच्या पाकळीत तो दोष दिसला असता. इथे मात्र ते दगडातल्या खुणांसारखे शोभत होते.

मग उरले घासणे. मोटारी रंगवणारे कारागीर जो वॉटर पेपर वापरतात, तो आम्ही घेतला. पाण्यात बुडवून आधी 400 नंबरचा, मग 600, 800 आणि शेवटी 1000 नंबरचा. दोन दिवस मी तेच करत होतो. बोटांची टोके पांढरी पडली. शेवटी जीन्सच्या जुन्या तुकड्यावर मणी घासला, तेव्हा त्याला दगडासारखी मऊ चमक आली.

संध्याकाळी मी ओसरीवर गेलो आणि मणी मावळत्या उन्हात धरला. ऊन आत शिरले आणि थांबले. तीस वर्षांपूर्वी भेगेत पडलेला मणीच जणू माझ्या हातात होता.

बहीण शेजारी उभी होती. एव्हाना तिला सारे समजले होते. तिने शांतपणे विचारले, “भाईजान, तुम्ही दादींना सांगणार आहात ना?”

मी म्हणालो, “त्यांना दिसणार नाही. उगाच जुनी गोष्ट कशाला काढायची?”

“आमच्या शिक्षिका सांगतात, मातीचा अकीक करणे ही कला आहे. तो मातीचा आहे, हे न सांगणे ही फसवणूक आहे.” एवढे बोलून ती आत गेली.

मी मण्याकडे पाहत राहिलो. गेले दहा दिवस या मातीने मला काय शिकवले होते? तिच्यात काही लपत नाही. एक तंतू गेला तरी तो दिसतो. आणि मी निघालो होतो तिच्याच आड माझी चूक लपवायला! उजेड आत यायला हवा असेल, तर रंग कमी आणि हात स्वच्छ हवेत. मी उठलो आणि दादींच्या खोलीत गेलो.

दादी पलंगावर बसल्या होत्या. हातात तसबीह होती. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि सगळे सांगितले. परसातली दुपार, तुटलेला दोरा, काळ्या मातीची भेग. माझा आवाज दहा वर्षांच्या मुलासारखा कापत होता. शेवटी मणी त्यांच्या तळहातावर ठेवला. “दादी, हा अकीक नाही. मी मातीचा बनवला आहे. तुम्ही म्हणाल तरच ओवतो.”

दादींनी तो बोटांमध्ये फिरवला. “हलका आहे,” त्या म्हणाल्या, “आणि थंड लागत नाही.” खरेच होते. अकीक या मातीच्या जवळजवळ दुप्पट जड असतो आणि हातात घेतला की गार लागतो. डोळे फसले असते, पण साठ-सत्तर वर्षे मणी ओढणारी बोटे कशी फसणार?

मग दादी हसल्या. “बेटा, तेहतीस वेळा म्हणायचे असते. बत्तीस मण्यांवर तेहतीस कसे होतील? मला त्याच संध्याकाळी कळले होते. तेव्हापासून प्रत्येक फेरीला एक मी बोटावर मोजत आले.”

मी चकित झालो. “मग मला विचारले का नाही?”

“विचारले असते, तर तू घाबरून खोटे बोलला असतास. एकाच्या दोन चुका झाल्या असत्या. तू आपणहून सांगशील, म्हणून मी थांबले. थोडा उशीर केलास, एवढेच.”

मला बोलता येईना. दादींनी तसबीह माझ्या हातात दिली. “ओव आता. माझ्यासमोर ओव.”

मी नवा दोरा घेतला आणि एकेक मणी ओवू लागलो. दादी मोठ्याने मोजत होत्या. बत्तीस झाले. तेहतिसावा मणी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

त्यानंतर मी कधी कधी पाहत असे. तसबीह ओढताना त्या एका मण्यावर दादींची बोटे क्षणभर थांबत. एकदा मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “हा मणी ऊबदार लागतो ना, त्याच्यावरून कळते की फेरी पुरी झाली.”

मित्रांनो, दादी आता नाहीत. ती तसबीह आज अम्मीजवळ आहे. बत्तीस मणी दगडाचे आणि एक मातीचा. घरात कोणी पाहुणा आला आणि त्याने ती हातात घेतली, तर अम्मी आधीच सांगते, “यातला एक मणी आमच्या मुलाने बनवलेला आहे.” पाहुणे तो शोधू लागतात. डोळ्यांनी शोधणाऱ्याला तो सापडत नाही. डोळे मिटून बोटे फिरवणाऱ्याला लगेच सापडतो.

तुमच्या हातूनही कधी एखादा मणी हरवेल. दोरा तुटणे हा मोठा गुन्हा नाही. माणसाच्या हातून दोरे तुटतातच. पण भेग मिटण्याची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी जा आणि सांगा. कुणीतरी तुमच्यासाठी एक मणी बोटावर मोजत थांबलेले असते.